वैमानिकाची शेगडी

१७ डिसेंबर १९०३ या दिवसाचा उल्लेख विमानविद्येच्या प्रत्येक इतिहासात येतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, किटी हॉकजवळच्या वाळूत, राइट बंधूंचे यंत्र त्या दिवशी प्रथमच आपल्या बळाने उडाले व बारा सेकंदांत १२० फूट अंतर काटून खाली आले. हे बारा सेकंद सर्वांना ठाऊक आहेत. त्या सकाळची थंडी मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. ऑर्व्हिल राइटने पुढे लिहिलेल्या हकीकतीत तिची नोंद आहे. डबक्यांतील पाण्यावर बर्फ धरला होता आणि वारा इतका बोचरा होता की, तयारी करता करता दोघा भावांना अधूनमधून झोपडीत जाऊन हात शेकावे लागत. कार्बाइडच्या एका मोठ्या डब्याची त्यांनी शेगडी केली होती. मनुष्य आकाशात गेला त्या दिवशी शेगडी जमिनीवरच राहिली. तिला विमानात नेण्यासाठी पुढे कितीतरी वर्षे खटपट करावी लागली, आणि ती नेल्यावरही नवी संकटे उभी राहिली. त्या खटपटीचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आम्ही वैमानिक नाही, यंत्रज्ञही नाही. केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायलींवर टिपणे लिहिणारे साधे कारकून आहोत. हा विषय आमच्या वाट्याला कसा आला, ते योग्य ठिकाणी सांगू. इतिहासकारांनी विमानाचा वेग, उंची आणि पल्ला यांची वर्णने भरभरून केली आहेत. वैमानिकाच्या गारठलेल्या बोटांकडे मात्र त्यांचे फारसे लक्ष गेलेले दिसत नाही. वस्तुतः बोटे वळत नसतील, तर वेग आणि उंची यांचा काय उपयोग?

प्रथम थंडीचे कारण पाहू. जमिनीपासून वर जावे तसतसे दर हजार मीटरांमागे तपमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. परंतु प्रारंभीच्या वैमानिकाचा खरा शत्रू तपमान नसून वारा होता. स्थिर हवेत आपल्या अंगाभोवती उबदार हवेचे एक पातळ वेष्टन तयार होते. वारा ते क्षणोक्षणी ओरबाडून नेतो. सायपल आणि पासेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४१ साली दक्षिण ध्रुवाकडील आपल्या तळावर पाण्याने भरलेले एक नळकांडे उघड्यावर टांगले, निरनिराळ्या वाऱ्यांत ते पाणी गोठावयास किती वेळ लागतो हे मोजले, आणि त्यावरून वाऱ्याच्या थंडाव्याचे गणित बसविले. वैमानिकांना मात्र ते गणित चामडीच्या अनुभवाने पूर्वीच कळून चुकले होते. उघड्या विमानात बसलेल्या माणसाच्या तोंडावर ताशी शंभर मैलांचा वारा तासन् तास आदळत असे.

मग विमानाला छप्पर का घातले नाही? घालून पाहिले होते. इंग्लंडमधील ॲव्हरो कंपनीचे ‘टाइप एफ’ हे विमान १ मे १९१२ रोजी उडाले. वैमानिकाला चोहोबाजूंनी बंद केबिनमध्ये बसविणारे हे पहिले विमान होय. परंतु त्या काळची इंजिने तेलाचे तुषार मागे फेकीत. काचांवर तेलाची पुटे चढत आणि समोरचे काही दिसेनासे होई. म्हणून वैमानिकाला डोके बाहेर काढता यावे यासाठी दोन्ही बाजूंना गोल भोके ठेवावी लागली! शिवाय जुन्या वैमानिकांची ठाम समजूत अशी की, गालावर वारा लागल्याखेरीज विमान सरळ जाते की घसरते हे कळत नाही. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडन-पॅरिस ही रोजची विमानसेवा सुरू झाली. त्या सेवेतील ‘डी. एच. ४ ए’ विमानांत उतारू झाकणाखाली बसत आणि वैमानिक पूर्वीप्रमाणे उघड्यावर. टांग्यातील उतारूंना टप आणि टांगेवाल्याला पाऊस, असाच तो प्रकार होता.

विमानाला भिंती नाहीत, तर भिंती अंगावरच घालाव्या, ही युक्ती पहिल्या महायुद्धात निघाली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन तरुण तेव्हा ब्रिटिश आरमाराच्या विमानदलात होता. १९१६-१७ च्या हिवाळ्यात तो आपल्या विमानाच्या इंजिनाशी खटपट करीत असता अकस्मात उड्डाणाचा हुकूम झाला. अंगावर तेला-वंगणाने माखलेला कामाचा डगला होता. तो बदलण्यास सवड मिळाली नाही, तसाच तो उडाला. परत आल्यावर जाड जाड पोशाख केलेले त्याचे सोबती कुडकुडत होते आणि हा मात्र सुखरूप होता. दुसरा कोणी असता तर नशीब म्हणून गप्प बसला असता. कॉटनने विचार केला, आणि त्याच्या ध्यानी आले की, तेलाने कापडाची छिद्रे बुजल्यामुळे वारा आत शिरू शकला नाही व अंगची ऊब अंगाशीच राहिली. त्याने लंडनमध्ये पोशाख शिवून घेतला : आत केसाळ अस्तर, मध्ये हवा न जाऊ देणारे रेशीम, वर घट्ट विणीचे कापड. त्याच्या नावावरून ‘सिडकॉट’ म्हणून प्रसिद्ध झालेला हा पोशाख ब्रिटिश विमानदलात पुढे कित्येक दशके वापरात राहिला. त्यात उष्णता उत्पन्न करणारे काहीच नव्हते. वारा अडविला की निम्मी थंडी जाते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

तथापि थंडीला मित्र मानणारेही निघाले. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग न्यूयॉर्कहून एकटा निघाला आणि साडेतेहतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्याच्या विमानाला बंद केबिन होती. बाजूच्या खिडक्यांत बसविण्याच्या काचाही त्याने बरोबर घेतल्या होत्या. पण संपूर्ण प्रवासात त्या त्याने बसविल्या नाहीत. निघण्याच्या आदल्या रात्री झोप झालेली नव्हती. काचा लावल्या असत्या तर केबिनमधील निवांतपणाने डोळे मिटले असते. अंगावर येणारा गार वारा हाच त्याचा जागल्या होता. ऊब आणि झोप यांचे हे नाते वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

अंगावर भिंती बांधण्याच्या या कलेची परिसीमा आपल्याच देशात, बिहारमधील पूर्णियानजीक पाहावयास मिळाली. ३ एप्रिल १९३३ रोजी सकाळी लालबालूच्या मैदानावरून दोन दुपंखी विमाने एव्हरेस्टवरून उडण्यासाठी निघाली. मोहिमेचा खर्च लेडी ह्यूस्टन या इंग्रज धनवंत बाईंनी उचलला होता. एक विमान लॉर्ड क्लाइड्सडेल व दुसरे मॅकिंटायर चालवीत होते. छायाचित्रे घेण्यासाठी पहिल्यात ब्लॅकर आणि दुसऱ्यात बॉनेट बसले होते. पूर्णियाच्या सपाटीवर एप्रिलचा उन्हाळा, आणि जेथे जावयाचे त्या सुमारे नऊ हजार मीटर उंचीवर उणे चाळीस अंशांच्या आसपासची थंडी! एका सकाळीच सुमारे सत्तर अंशांचा हा फरक अंगावर घ्यावयाचा होता. मागचा छायाचित्रकार झाकलेल्या जागेत बसे, वैमानिक मात्र उघड्यावरच. यासाठी चौघांना विजेच्या तारा विणलेले पोशाख दिले होते. विमानावरील जनित्रातून वीज येई आणि पोशाख, हातमोजे, बूट हे सर्व आतून तापे.

वरवर पाहता येथे थंडीचा प्रश्न सुटला. पण पोशाखाच्या तारा, प्राणवायूची नळी व टेलिफोनची दोरी अशा अनेक बंधनांनी जखडलेला माणूस त्या चिमुकल्या जागेत हालचाल कशी करणार? दुसऱ्या विमानात बॉनेटचा पाय प्राणवायूच्या नळीवर पडून ती तडकली. त्याने भेगेवर हातरुमाल गुंडाळला, पण शक्ती पुरली नाही. तो बेशुद्ध होऊन खाली कोसळला. विमान खालच्या हवेत आल्यावर त्याला शुद्ध आली. दोन्ही विमाने शिखर पाहून सुखरूप परतली आणि वर्तमानपत्रांनी विजयाची वर्णने छापली. आम्हास मात्र तो हातरुमाल अधिक बोलका वाटतो. माणसाला ऊब पुरविली, पण त्याच्या श्वासाची वाट एका नळीवर टांगून ठेवली. आणि त्या नळीला तडा गेला. पुढील इतिहासात हाच प्रसंग वेगवेगळ्या रूपांनी पुन्हा पुन्हा घडला आहे.

तोवर छोटी विमानेही बंदिस्त होऊ लागली होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून २५ किलो टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले, ते ‘पस मॉथ’ हे विमान बंद केबिनचेच होते. अर्थात आपल्या मैदानी मुलुखात वैमानिकाला उबेपेक्षा गार हवेचीच ओढ असावयाची. इंग्लंड, कॅनडा किंवा अलास्का येथे मात्र केबिन बंद केल्याने प्रश्न अर्धाच सुटला. वारा थांबला, पण पातळ पत्र्याची किंवा कापडाची भिंत थंडीला कितीशी अडविणार? आता शेगडी आत आणणे भाग होते.

गंमत अशी की, शेगडी नाकासमोरच होती. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची जेमतेम चौथाई ते तिहाई शक्ती पंखा फिरविण्यास लागते. उरलेली सारी उष्णता इंजिनाभोवतीच्या हवेत आणि धुरात फुकट जाते. वैमानिकाच्या पावलांपुढे दोन हातांवर एवढी भट्टी धडधडत असावी आणि त्याची पावले मात्र गारठून जावी! यावर निघालेला उपाय साधा होता. इंजिनाचा धूर ज्या सायलेन्सरमधून बाहेर पडतो त्याभोवती पत्र्याचे एक आवरण बसवावयाचे. समोरून येणारा वारा त्या आवरणात शिरतो, लालबुंद सायलेन्सरला वळसा घालताना तापतो, आणि इंजिन व केबिन यांमधील पोलादी पडद्यातील एका झडपेतून आत येतो. वैमानिकाने दांडी ओढली की ऊब, ढकलली की बंद. इंधनाचा एक थेंबही अधिक जळत नाही. १९५६ पासून बाजारात आलेले सेस्ना कंपनीचे ‘१७२’ हे चार माणसांचे विमान आजवर ४४ हजारांहून अधिक संख्येने तयार झाले आहे. त्यातही हीच व्यवस्था असते.

दोन इंजिनांच्या विमानांत हा उपाय सहज साधत नाही, कारण तेथे इंजिने पंखांवर असतात आणि माणूस मध्ये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या ‘पी-३८ लायटनिंग’ या लढाऊ विमानाला हाच दोष भोवला. १९४३-४४ च्या हिवाळ्यात युरोपवर उंच उडणाऱ्या त्याच्या वैमानिकांपर्यंत इंजिनांची ऊब पुरेशी पोहोचतच नसे. तास-दोन तासांत हातपाय बधिर होत. एकइंजिनी विमानांतील त्यांचे सोबती तुलनेने सुखात असत. अशा विमानांसाठी पेट्रोल जाळणारी स्वतंत्र शेगडी निघाली. तिचे मूळ मोटारीत होते. शिकागोच्या स्ट्युअर्ट-वॉर्नर कंपनीने १९३० नंतरच्या दशकात मोटारींसाठी ‘साउथ विंड’, म्हणजे दक्षिणेचा वारा, या गोड नावाने ती विकली. युद्धकाळात तिच्याच जातीच्या शेगड्या विमानांत बसल्या. अर्थात माणसे बसलेल्या विमानात पेट्रोलचा जाळ बाळगावयाचा म्हणजे तपासणीत तिळमात्र हयगय चालत नाही.

शेगडी आत आली तरी छोट्या विमानातील माणसे कुडकुडतच राहिली, कारण फटी. येथे एक चमत्कारिक गोष्ट कळते. पुढे धावणाऱ्या विमानात गार वारा समोरून येत असेल असे कोणासही वाटेल. पुष्कळदा तो येतो शेपटीकडून! केबिनच्या छपरावरून आणि खिडक्यांवरून बाहेरची हवा वेगाने धावते, तेथे तिचा दाब घटतो व आतील ऊब दरवाजाच्या फटींतून बाहेर खेचली जाते. ती पोकळी भरून काढण्यासाठी शेपटीच्या भोकांतून गार हवा शिरते आणि पोकळ धडातून पुढे सरकत येऊन नेमकी मानेवर उतरते. म्हणून जाणते कारागीर सामानाच्या जागेमागे पडदा ठोकतात, नियंत्रणाच्या तारा जेथून जातात त्या भोकांना चामड्याच्या किंवा रबराच्या पिशव्या बसवितात, दारांच्या कडांना रबरी पट्ट्या लावतात.

परंतु सर्व फटी बुजविल्या की काम झाले, असे नाही. काठोकाठ भरलेल्या घागरीत आणखी पाणी मावत नाही, त्याप्रमाणे आतील हवेला बाहेर जाण्यास वाट नसेल तर शेगडीची गरम हवा आत येऊच शकत नाही. म्हणून एक वाट मुद्दाम मोकळी ठेवावी लागते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. केबिनमधील दाब बाहेरच्याहून थोडा कमी असल्यामुळे ती जेथून मिळेल तेथून हवा ओढते. इंजिनाकडील पोलादी पडद्यात एखादे भोक उघडे राहिले तर तिकडूनही ओढते. आणि तिकडे धूर असतो. तेव्हा मानेवर येणारा वारा हा केवळ त्रास आहे. पायाशी येणारी ऊब मात्र जिवावर उठू शकते.

कारण त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील ज्या तांबड्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यावयाचा, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जे. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८९५ च्या सुमारास स्वतः हा वायू हुंगून त्याचे परिणाम नोंदले आणि खाणीतील मजुरांनी सावधगिरीसाठी लहान प्राणी बरोबर न्यावे, असे सुचविले. डोके जड होते, मळमळते, विचार मंदावतो. आणि सर्वांत वाईट म्हणजे, आपणास काही होत आहे हे कळण्याची शक्तीच प्रथम जाते. माणसाला वाटते, केबिन छान उबदार आहे, जरा डुलकी लागते आहे, एवढेच. सायलेन्सरला केसाएवढा तडा गेला तर त्याभोवतीच्या आवरणातून हा वायू ऊब म्हणूनच आत येतो.

आता या विषयाकडे आम्ही का वळलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही बदलीवर दिल्लीस आलो. आमचे एक सातारकडचे सोबती आणि आम्ही मिळून गच्चीवरची एक बरसाती भाड्याने घेतली होती. पहिलाच जानेवारी, आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. दार आणि चौकट यांची कधी गाठच पडत नसे. एका रविवारी आम्ही दोघांनी जुनी वर्तमानपत्रे ओली करून एकूण एक फट बुजविली, खालच्या मजल्यावरील माताजींची अंगीठी मागून आणली, कोळसे फुलविले, आणि दार लावून घेतले. इतक्या दिवसांनी प्रथमच खोली उबदार झाली. सोबती म्हणाले, ‘‘आज खऱ्या अर्थाने घरी आल्यासारखे वाटते.’’ हेच त्यांचे त्या रात्रीचे शेवटचे वाक्य.

आम्हास जाग आली ती दार धडधडल्याने. डोके फुटेल की काय असे दुखत होते, उठवत नव्हते. माताजी अंगीठी परत न्यावयास पहाटे वर आल्या होत्या. हाकेला ओ मिळेना तेव्हा त्यांनी मुलाकडून कडी मोडविली. सोबती हलविल्यानेही हलले नाहीत. रुग्णालयात त्यांना कित्येक तास प्राणवायू द्यावा लागला तेव्हा ते वाचले. माताजी त्यांच्या उशाशी बसून एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, ‘‘बेटा, अंगीठी के साथ खिड़की खुली रखते हैं.’’ साताऱ्यास त्यांच्या आईला काय कळवावे, या विचाराने आम्ही त्या बाकावर घालविलेले तास अजून विसरलो नाही. पुढे या वायूविषयी मिळेल ते वाचू लागलो, आणि वाचता वाचता या छोट्या विमानांपाशी येऊन पोहोचलो. तेथेही तीच खोली, तीच अंगीठी, त्याच बुजविलेल्या फटी आढळल्या. कडी मोडावयास वर येणारे मात्र तेथे कोणी नसते.

१९९७ साली अमेरिकेत एकटाच उडणारा एक वैमानिक असाच झोपी गेला. स्वयंचलित यंत्रणा विमान सरळ नेत राहिली, पेट्रोल संपले, आणि विमान आपोआप घसरत एका शेतात उतरले. तो जागा झाला तेव्हा जमिनीवर होता. असे दैव क्वचितच लाभते. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९८२ ते २०२० या काळातील असे ३१ अपघात मोजले. त्यांपैकी २३ प्राणघातक ठरले व त्यांत ४२ माणसे गेली. या वायूची सूचना देणारे यंत्र छोट्या विमानांत सक्तीने बसवावे, अशी शिफारस मंडळाने २००४ साली केली व २०२२ साली तिचा पुनरुच्चार केला. मधल्या काळात, २१ जानेवारी २०१९ च्या रात्री, फ्रान्समधील नान्त येथून कार्डिफला निघालेले एक एकइंजिनी विमान इंग्लिश खाडीत कोसळले. त्यातील उतारू एमिलियानो साला हा अर्जेंटिनाचा नामवंत फुटबॉलपटू होता. त्याच्या रक्तातील तांबड्या द्रव्याचा ५८ टक्के भाग या वायूने व्यापलेला आढळला. वैमानिकावरही त्याचा परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष ब्रिटनच्या अपघात-चौकशी विभागाने २०२० साली काढला.

किटी हॉकच्या कार्बाइडच्या डब्यापासून सुरू झालेली ही हकीकत येथवर येऊन पोहोचते. आज वैमानिकापुढे तळहाताएवढे यंत्र असते. वायूचा अंश वाढला की ते ओरडते. हॉल्डेनच्या लहान प्राण्यांचे काम ते करते. तरीही जाणते वैमानिक हिवाळ्याच्या तोंडी सायलेन्सरवरचे आवरण काढून बोट फिरवून तडा शोधतात, आणि उडताना डोके जड वाटले तर प्रथम शेगडीची झडप बंद करून गार हवेची वाट उघडतात. थंडीत कुडकुडणे पत्करतात, झोप पत्करीत नाहीत. लिंडबर्गने काचा बसविल्या नाहीत त्यामागील शहाणपण वेगळ्या कारणाने का होईना, पुन्हा उपयोगी पडते.

आमचे सोबती आता बदलीवर दूर दक्षिणेस आहेत. तेथे शेगडीचे कारणच पडत नाही. तथापि गेल्या हिवाळ्यात ते कचेरीच्या कामासाठी दिल्लीस आले आणि आमच्याकडे उतरले. रात्री कडाक्याची थंडी होती. दोन रजया दिल्या. मध्यरात्री आम्ही जागे झालो, तो खोलीत गार वारा येत होता. खिडकीचे एक दार वीतभर उघडे होते आणि सोबती रजईत डोके खुपसून गाढ झोपले होते. आम्ही ते दार लावले नाही.